लेसचे मोल

बदलीच्या नोकरीत संसार जितका आटोपशीर तितका बरा, हे परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींस मी सांगावयास नको. दर तीन-चार वर्षांनी गाठोडी बांधताना काही ना काही मागे टाकावेच लागते. माझ्या सामानातून आजवर न सुटलेली एक वस्तू म्हणजे आईने क्रोशाच्या सुईने विणलेला पांढरा चौकोनी रुमाल. मूळ तो मिरजेच्या घरी रेडिओवर असे. रेडिओ गेला, दूरचित्रवाणीचा खोका आला. पुढे तोही चपटा होऊन भिंतीला चिकटला, तेव्हा रुमालास बसावयास जागाच उरली नाही. तरी तो माझ्याबरोबर राजमहेंद्रीस आला आणि तेथे पाण्याच्या यंत्रावर विराजमान झाला.

राजमहेंद्रीस आमच्या शेजारी नरसापूरकडच्या एक वयस्कर बाई राहत. एके दिवशी सहज आल्या असता त्यांची नजर रुमालावर गेली. पाहुणा अशा वेळी 'वा, काय सुरेख' म्हणतो. बाईंनी रुमाल उचलला, उलटा केला, मागची बाजू बोटांनी चाचपली आणि विचारले, "बाबू, याचे किती मिळाले?" हा विकलेला नाही, घरचा आहे, असे मी माझ्या मोडक्या तेलुगूत म्हणालो. "तो झाला घरचा. बाकीच्यांचे किती मिळाले?" एवढा सफाईचा हात केवळ घरापुरता विणत नसतो, हे त्यांनी मागच्या बाजूच्या गाठींवरून ओळखले होते. आणि ते खरे होते. माझ्या महाविद्यालयाच्या फीचा निम्मा भाग त्या सुईने भरला होता. परंतु किती मिळाले, या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. तेथून हा शोध सुरू झाला. तो व्यवस्थित संशोधन म्हणून कोणी वाचू नये. कचेरीच्या वेळाबाहेर ग्रंथालयांत बसून एका कारकुनाने केलेली ही जुळवाजुळव आहे.

लेस हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण तिच्या जाती वेगळ्या. एक उशीवरची. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षी टोचलेला कागद ठेवावयाचा, लाकडी बॉबिनींवर दोऱ्याच्या जोड्या गुंडाळावयाच्या आणि टाचण्या रोवीत त्या जोड्या एकमेकींवरून फिरवीत, पिळीत जावयाचे. मोठ्या नक्षीस बॉबिनींची संख्या शेकड्यावर जाते. दुसरी सुईदोऱ्याची. तिसरी क्रोशाची, तीत एकच आकड्याची सुई, एकच दोरा. साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्या तीन अक्षरांत तिची सारी बाराखडी संपते.

सोळाव्या शतकात इटली व फ्लँडर्स येथे ही कला नावारूपास आली आणि पुढील दोनशे वर्षे युरोपातील सरदारांच्या मानेभोवती व मनगटाभोवती रुळली. त्या काळच्या तसबिरींत लेसच्या कॉलरीचा टाका न् टाका रंगविलेला आढळतो. पण चेहरा असतो तो कॉलर घालणाराचा. विणणारीकडे पाहावयास फारसे कोणी थांबले नाही. डच चित्रकार व्हर्मीर थांबला. सुमारे १६७० साली त्याने उशीवर वाकलेल्या एका मुलीचे चित्र काढले. आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेले हे चित्र जेमतेम वीतभर आहे. त्यात लेस जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती बोटे.

इंग्लंडात हा धंदा खेड्यांतील गरीब बायकामुलींचा होता. हॉनिटनच्या आसपास व बकिंगहॅमशायरात लेसच्या शाळा असत आणि पाच-सहा वर्षांच्या पोरी तेथे उशीपुढे बसविल्या जात. जॉन हीथकोट याने १८०९ साली बॉबिनची जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि या धंद्याच्या मुळावर घाव बसला. १८१६ मध्ये लडाइटांनी त्याच्या लफबरो येथील कारखान्यात शिरून यंत्रे फोडली. तेव्हा तो डेव्हनमधील टिव्हर्टन येथे गेला व पुन्हा यंत्रे घालता झाला. हाताची लेस जेथे जन्मापासून विणली जात होती तेथेच अशी मागे हटत असता, तिचे बी दक्षिण हिंदुस्थानच्या टोकाशी पडले.

राजमहेंद्रीहून माझी बदली तिरुवनंतपुरम येथे झाली. तेथून नागरकोविल आगगाडीने दोनेक तासांवर. आज ते तमिळनाडूत आहे. १९५६ पूर्वी त्रावणकोर संस्थानात व नंतरच्या त्रावणकोर-कोचीन राज्यात मोडत असे. १८१९ च्या अखेरीस लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स मॉल्ट व त्यांची पत्नी मार्था तेथे आली. मार्थाबाईंनी मुलींची वसतिशाळा चालविली आणि वाचन-लेखनाच्या जोडीस उशीवरची लेस शिकविली. भांडवल म्हणावे तर उशी, टाचण्या, बॉबिनी व इंग्लंडहून मागविलेला दोरा. बाजारपेठ म्हणावी तर छावण्यांतील व मद्रासेतील गोऱ्या मडमा आणि विलायतेतील स्नेहीमंडळी. व्यापारी, अडत्या, दलाल कोणी नाही. एवढ्याशा पुंजीवर चाललेला हा उद्योग पुढे पिढ्यानपिढ्या टिकला.

हे सारे त्रावणकोरच्या त्या काळच्या समाजस्थितीवर ठेवून पाहिले पाहिजे. तेथे पुलय, परय इत्यादी जातींची माणसे जमिनीसारखी विकली जात, गहाण पडत, भाड्याने दिली जात. संस्थानाने गुलामगिरी रद्द केल्याचा जाहीरनामा १८५५ चा. मार्थाबाईंच्या शाळेत आलेल्या काही मुली अशा दासींपैकी होत्या, आणि लेसच्या कमाईतून त्यांतील कित्येकींनी आपली सुटका विकत घेतली, असे मिशनच्या इतिहासात नमूद आहे. मिशनच्या कागदपत्रांत मिशनची स्तुती असावयाचीच. वार्षिक अहवाल मीही लिहितो. त्यात काय ठळक करावयाचे असते हे मला ठाऊक आहे. परंतु स्तुतीचा भाग वजा टाकला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. ज्या मुलीच्या अंगावर मालकाने किंमत चिकटविली होती, तिच्या हातच्या कामासही रोख किंमत येऊ लागली, आणि दोन्ही रकमा एकाच नाण्यांत मोजल्या जात असल्याने दुसरीने पहिली फेडता आली. तिच्या विणकामास तेथे कोणी 'फावल्या वेळचा छंद' म्हटले नाही. तसे म्हणून चालणारच नव्हते. छंदाच्या पैशांत मालकाचे समाधान झाले नसते.

याच मुलखात त्याच काळात स्त्रियांच्या वस्त्रावरून मोठा झगडा पेटला होता. शाणार, म्हणजे पुढे नाडार म्हणविणाऱ्या जातीच्या स्त्रियांनी वरच्या जातींसमोर ऊर झाकू नये असा दंडक होता. ख्रिस्ती झालेल्या शाणार स्त्रिया मिशनच्या बायकांनी बेतलेले सैल जाकीट घालू लागल्या, तेव्हा १८२० नंतर एकदा व १८५८-५९ मध्ये पुन्हा दंगे झाले. बाजारात बायकांची वस्त्रे फाडली गेली. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या दडपणामुळे महाराजांनी २६ जुलै १८५९ रोजी जाहीरनामा काढला. शाणार स्त्रियांस जाकिटाची मुभा मिळाली, अथवा कोळणींप्रमाणे जाडेभरडे वस्त्र गुंडाळण्याची. उच्चवर्णीयांच्या पद्धतीने वस्त्र घेण्याची मनाई मात्र तशीच ठेवण्यात आली. त्या वेळी त्रावणकोरचे दिवाण होते आपले टी. माधवराव. 'आपले' अशासाठी की ते कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. पुढे इंदूर व बडोदे येथेही त्यांनी दिवाणगिरी केली. त्यांच्या कर्तबगारीविषयी मला आदर आहे. तथापि हा जाहीरनामा वाचताना, प्रत्येक पक्षाला थोडे देऊन फाईल मिटविणारा मुरब्बी अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

मॉल्ट दांपत्याची कन्या एलायझा. तमिळ ही तिची जवळजवळ मातृभाषाच. १८४४ साली तिचा विवाह रॉबर्ट कॉल्डवेल यांच्याशी झाला. भाषाशास्त्राची आवड असणाऱ्या वाचकांस हे नाव सांगावयास नको. १८५६ साली प्रसिद्ध झालेले द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण ते यांचेच. तिरुनेलवेली जिल्ह्यातील इडैयन्गुडी या ताडांच्या व वाळूच्या गावी हे जोडपे राहिले आणि एलायझाबाईंनी आईचा कित्ता गिरवून तेथेही मुलींची शाळा व लेसकाम सुरू केले. व्याकरणाचा ग्रंथ आज प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात आहे. त्याच घराच्या पलीकडच्या अंगास उशीपुढे बसलेल्या मुलींची नावे मला कोठे मिळाली नाहीत.

आता गोदावरीकडे वळू. नरसापूर गोदावरीच्या वसिष्ठा नामक शाखेवर, समुद्राजवळ आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेले पाणी तेथे पोहोचेपर्यंत इतके रुंद व संथ होते की नाशिककरांस ओळख पटू नये. हा भाग जुन्या कापडधंद्याचा. शेजारच्या पालकोल येथे डचांची वखार होती. याच १८४४ साली मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने येथील ख्रिस्ती झालेल्या माला व मादिगा स्त्रियांस लेस विणावयास शिकविले, असे सांगतात. येथे रुजली ती मुख्यत्वे क्रोशाची जात. पुढे १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधील जोगिणींच्या मठांतून हीच क्रोशाची लेस उपाशी कुटुंबांस शिकविली गेली. फुले एकीने विणावयाची, पाने दुसरीने, जोडणी तिसरीने, अशी तेथील कामाची वाटणी होती. नरसापूरकडेही अशीच वाटणी पडली. सुटी फुले विणणे ते 'चेतिपनि', म्हणजे हातकाम. ती एकत्र जोडणे ते 'अतुकुपनि'. फुले विणणारीला अखेर टेबलावरची चादर झाली की उशीचा अभ्रा झाला, हे पुष्कळदा कळतही नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक व्यापाऱ्यांनी माल परदेशी पाठविण्यास सुरुवात केली आणि धंद्याचे रूप पालटले. विणणाऱ्यांत आता कापू या शेतकरी जातीच्या स्त्रियांचा भरणा होऊ लागला. या जातीत बाईने शेतावर मजुरीस जाणे कमीपणाचे. घर गरीब असले तरी उंबरठ्याची आब राखावयाची असते, आणि उंबरठ्याच्या आत राहून चार पैसे मिळवून देणारे काम म्हणजे लेस. दोरा अडत्याने आणून द्यावयाचा, विणलेला माल त्यानेच वजन करून किंवा मोजून न्यावयाचा. बाईस बाजार पाहावयाची गरज नाही. आणि बाजार न पाहिलेल्यास भाव कळत नाही.

येथे मला एका पुस्तकाचे ऋण मान्य केले पाहिजे. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषी. १९६० नंतर काही वर्षे त्या पुण्यात जर्मन शिकवीत असत. १९७८-७९ मध्ये त्यांनी नरसापूरच्या गावांतून या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांना जे आढळले ते थोडक्यात असे. स्वयंपाकपाणी, गुरेढोरे, मुलेबाळे सांभाळून या बायका दिवसाकाठी सहा ते आठ तास लेस विणीत. एवढ्या श्रमाचा सरासरी रोज एक रुपयाही भरत नसे. माल जात होता युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे. शेतावर राबणाऱ्या दलित मजूर स्त्रिया त्यांच्याहून अधिक मिळवीत. परंतु आपण घरात बसून काम करतो, उन्हात जात नाही, म्हणून कापू स्त्रिया स्वतःस त्यांच्यापेक्षा वरच्या समजत. परदेशी मागणी वाढली तसतशा पूर्वी फिरून माल विकणाऱ्या काही स्त्रिया होत्या त्याही मागे पडल्या आणि व्यापार सर्वस्वी पुरुषांच्या हाती गेला. त्यांचे बंगले उठले. या व्यापाऱ्यांस विचारले तर ते सांगत की बायका गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. बायकांस विचारले तर त्याही तेच सांगत.

या एका शब्दाने काय साधले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. जो मजूर आहे त्यास किमान वेतन लागू होते, त्याचे तास मोजावे लागतात, तो संघ काढू शकतो. जी गृहिणी आहे तिला यांपैकी काहीच लागू नाही. १९७१ च्या जनगणनेत प्रत्येक माणसाची 'मुख्य' क्रिया आधी नोंदविली जाई. तेव्हा आठ तास लेस विणणारी बाईसुद्धा घरकाम करणारी म्हणून काम न करणाऱ्यांत जाऊन बसली. नागरकोविलच्या दासीकडे तिच्या श्रमाची किंमत करणारा एक मालक तरी होता, आणि म्हणून तिला हिशेब मांडता आला. नरसापूरच्या प्रतिष्ठित घरातील बाईला मालक दिसतच नव्हता. माझ्या मते या दोन गावांच्या लेसमधील खरा भेद हा आहे. उशी आणि आकडा हा भेद वरवरचा. मार्थाबाईंनी दिलेली मजुरी फार उदार होती असे मला म्हणावयाचे नाही. ती मजुरी होती, एवढेच.

यंत्राने उशीवरच्या लेसला मारले, मग क्रोशाला का मारले नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कारण असे की क्रोशाचा प्रत्येक टाका आधीच्या टाक्यातून आकड्याने ओढून पुरा करावयाचा असतो आणि ही हालचाल हुबेहूब करणारे यंत्र बाजारात कधी आले नाही. त्यासारखे दिसणारे कापड यंत्रावर निघते. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. तेव्हा येथे स्वस्ताई आणावयाची तर ती यंत्रातून येण्याजोगी नव्हती. ती हातातूनच काढावी लागली.

पुढील हकीकत त्रोटक सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणारांविषयीचा करार १९९६ साली संमत केला; भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. नरसापूरजवळ रुस्तुंबाद येथे सरकारने लेसचे व्यापारकेंद्र उभारले. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने गावाचे नाव राखले जाते, हे चांगलेच. विणणारीचा दर ते ठरवीत नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मला माझ्याच हातचा एक कागद आठवला. नोकरीत रुजू होताना भरून दिलेल्या पडताळणीच्या अर्जात आईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिले होते आणि मासिक उत्पन्नाच्या रकान्यात 'निरंक'. कोणी तसे लिहावयास सांगितले नव्हते. पेन थांबलेसुद्धा नाही. ज्या पदवीच्या जोरावर ती नोकरी मिळाली तिची फी कोठून आली हे मला ठाऊक असताना मी तसे लिहिले, आणि खाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' म्हणून सही केली.

गेल्या दिवाळीत मिरजेस गेलो तेव्हा आईला विचारले. "अरे, त्याचा कसला हिशेब!" असे म्हणून तिने प्रथम उडवून लावले, पण मग उठून फडताळातून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढली. कागदाच्या पाठीमागे दुधाच्या हिशेबाच्या बाजूस तिने सारे टिपून ठेवले होते. २००७ सालच्या एका पानावर असे होते: सहा रुमालांचा एक संच, दुकानदाराने दिले ११० रुपये, दोऱ्याला गेले ४६. किती दिवस लागले हे तिने लिहिले नव्हते, पण तिला आठवत होते. साडेतीन तासांच्या बारा दुपारी. मी तेथेच बसून भागाकार केला. तासाला दीड रुपयाहून थोडेसे अधिक. आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, "तो दुकानदार मात्र भला होता हो, पैसे कधी बुडवले नाहीत त्याने."

राजमहेंद्रीच्या बाईंशी अधूनमधून फोनवर बोलणे होते. त्यांना मी हा आकडा कळविला. उत्तरास दोन वर्षांचा विलंब झाला, याची क्षमाही मागितली. त्यांना आकड्याचे आश्चर्य वाटले नाही. दोरा दुकानदाराने दिला होता की आईचा स्वतःचा होता, एवढेच त्यांनी उलट विचारले. आईचा स्वतःचा, असे मी सांगितले.